पाट गावाचा आहे, हे कागदावर आणताना

नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या गावच्या जुन्या पाटाला पाणी आलं. पाटाचं सगळं काम झालेलं नाही, शेवटचा भाग अजून बाकी आहे. पण २०२३ साली सुरुवात केली तेव्हा 'आधी कुठे जायचं' हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. पांझरा, कान, मोसम, आरम या नद्यांवर असे कितीतरी बंधारे आणि पाट पडून आहेत. त्यातल्या एखाद्या गावाला याचा उपयोग व्हावा.

आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेकाठी. मी नोकरीनिमित्त धुळ्याला असते, शाळेत शिकवते. सासरची जमीन पाटाच्या थळात आहे. बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. नदीत दगड-चुन्याचा बंधारा, त्याच्या एका अंगाने निघालेला पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग आणि मग शेत. बंधाऱ्याखाली जेवढी जमीन भिजते ते त्याचं थळ. थळाचे फड पाडलेले असतात आणि एका फडात त्या हंगामाला एकच पीक. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, एखादा पडीक. कुठल्या फडात काय लावायचं हे पंच आणि शेतकरी बसून ठरवायचे. एका फडातल्या सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागतं, राखणही एकत्र होते, आणि दर वर्षी पीक फिरल्यामुळे जमीनही सुधारते. पाट सांभाळायला पाटकरी, राखणीला जागल्या, पाणी द्यायला बारेकरी. ही फड पद्धत खानदेशात तीन-चारशे वर्षं चालत आली. पुढे नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या, ज्याचं पाणी त्याच्याकडे झालं, आणि पाट झाडायला एकत्र येण्याची गरज कुणाला उरली नाही. आमचा पाट हळूहळू मातीने आणि वेड्या बाभळीने भरला.

२०२३ चा ऑगस्ट महाराष्ट्रात फार कोरडा गेला. आमच्याकडे विहिरी दिवाळीआधीच खाली गेल्या. तेव्हा माझे चुलतसासरे बैठकीत पहिल्यांदा पाटाचा विषय बोलले. गाव त्यांना आबा म्हणतं. त्यांचे वडील पाटकरी होते. घरात कापडात गुंडाळलेली एक वही निघाली. तिच्यात फडांची नावं, कुणाची किती जमीन, कुणाची पाळी कोणत्या वारी, आणि पाट झाडायला कुणी किती माणसं द्यायची हे सगळं मोडीवळणाच्या बाळबोधीत लिहिलेलं. शाईचे डाग, घडीवर फाटलेली पानं. ती वही पाहिली आणि मला वाटलं, हे काम आपण करायचंच.

दिवाळीनंतर आबा, गावातले सात-आठ जण आणि मी पाटाच्या मूळ रेषेवरून चालत गेलो. बाभळीत शिरायला कोयते लागले. आबा एका ठिकाणी काठी टेकवून म्हणाले, "आठे खंदा, दगड सापडतीन." दोन हात खाली खरंच घडीव दगडांची कड लागली. हातभर माती निघाल्यावर काळ्या दगडांच्या सांध्यातला चुना पांढरा दिसायला लागला. नखाने खरवडला तरी सुटत नव्हता. ज्यांना हे काम काढायचं आहे त्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की पहिली फेरी पायी करा आणि सोबत गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस घ्या. मोबाईलवर जागोजागी ठिकाण नोंदवून ठेवा, फोटो काढा. पुढे प्रत्येक अर्जाला तेच जोडावे लागले.

गावातल्या तरुणांचं म्हणणं होतं, वर्गणी काढू, पोकलेन लावू, आठ दिवसांत मोकळं. धुळ्यातल्या एका वकिलांनी समजावलं, की नोंदणी नसताना लोकांकडून पैसा गोळा करायचा तर धर्मादाय कायद्याच्या कलम ४१-क खाली परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच. शिवाय ती तात्पुरती. आमचं काम वर्षानुवर्षांचं, म्हणून संस्था नोंदवायचं ठरलं.

नोंदणीसाठी किमान सात जण लागतात. आम्ही अकरा घेतले, त्यात चार बायका. हे मी हट्टाने करून घेतलं. शेतात पाणी धरायला रात्री-बेरात्री बायकाही उभ्या असतात, मग पाटाच्या कागदावर त्यांची नावं का नसावीत? संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० अशा दोन्ही कायद्यांखाली नोंद होते आणि दोन प्रमाणपत्रं मिळतात. त्यासाठी विधानपत्र, नियमावली, सदस्यांची यादी, संमतीपत्रं, ओळखपत्रं, कार्यालयाच्या जागेची घरपट्टी पावती आणि घरमालकाचं ना हरकत पत्र. आमचं 'कार्यालय' म्हणजे आबांच्या ओट्यामागची खोली.

यातलं खरं डोक्याचं काम म्हणजे उद्देश लिहिणं. पहिल्या मसुद्यात 'थळातील शेतकऱ्यांना पाणी मिळवून देणे' असं होतं. वकील म्हणाले, यात फायदा सभासदांनाच होतो असं दिसेल. १९५० च्या कायद्याच्या कलम ९ मध्ये धर्मादाय उद्देश दिले आहेत: गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत, आणि सर्वसाधारण लोकोपयोगी काम. आमचं काम या शेवटच्यात बसतं. म्हणून आम्ही जुने बंधारे व पाट यांची दुरुस्ती, भूजल वाढवणं आणि फड पद्धतीच्या नोंदी जतन करणं असे उद्देश लिहिले. आणि नियमावलीत स्पष्ट घातलं, की पाणीवाटप आणि पाणीपट्टी ही संस्था करणार नाही, ते पंचांकडे राहील. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता. पैसा गोळा करणारे आणि पाणी वाटणारे हात वेगळे असले, की गावात संशयाला जागा राहत नाही.

२६ जानेवारी २०२४ च्या ग्रामसभेत पाठिंब्याचा ठराव झाला. ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात, सही-शिक्क्यासह, तीन-चार प्रतींत घ्या. फेब्रुवारीत धुळ्याच्या धर्मादाय कार्यालयात नोंदणीचा अर्ज दाखल केला. त्यानंतर चौकशीची जाहीर नोटीस निघते आणि कुणाची हरकत असेल तर ती नोंदवायला ३० दिवस असतात. तेवढ्यात १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्या धुळ्याचं मतदान २० मेला होतं, आणि माझी स्वतःची निवडणुकीची ड्युटी. त्या उन्हाळ्यात मी फक्त वाट पाहिली. रोज संध्याकाळी आबांचा फोन यायचा, "सूनबाई, काही समजनं का?" त्यांचं वय पाहता त्या वाट पाहण्याची मला भीती वाटायची.

जूनच्या शेवटी प्रमाणपत्रं हाती आली. वकिलांची फी, टायपिंग, नोटरी, झेरॉक्स सगळं मिळून १२ हजारांच्या आसपास गेले. मग संस्थेचं पॅन, मग बँक खातं. खातं उघडताना बँक कार्यकारिणीचा ठराव मागते, त्यात व्यवहार कोणाच्या सहीने हे नेमकं लिहिलेलं लागतं. आमच्याकडे तिघांपैकी कुणाही दोघांच्या सह्या. प्राप्तिकराच्या १२-अ (संस्थेला करमाफी) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) साठी ऑनलाइन फॉर्म १०-अ भरला, ती तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची मिळाली. देणगीदारांना एक सांगावं लागतं: २,००० रुपयांवर रोख दिले तर ८०-जी ची सवलत मिळत नाही. म्हणून मोठी रक्कम खात्यावरच घ्या. संस्थेनेही कुणाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नये, तो खर्च करात धरला जात नाही. पोकलेनवाल्याला हे पटवायला वेळ लागतो.

इतकं होईपर्यंत एक मूळ प्रश्न तसाच होता. पाट कोणाच्या मालकीचा? दुरुस्तीला परवानगी मागायची तर ती कोणी द्यायची? एका कार्यालयात म्हणाले, हा आमच्या यादीत नाही. दुसऱ्यात म्हणाले, तो पहिल्यांकडे आहे. तिसऱ्यात अर्ज ठेवून घेतला आणि पुढे काहीच झालं नाही. पावसात भिजत परत येताना एकदा एसटीत मला रडू आलं. इतका मोठा, दगडात बांधलेला पाट, आणि तो कुणाचाच नाही.

तोंडी विचारणं सोडून माहितीच्या अधिकारात अर्ज केला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. प्रश्न एकच ठेवला: अमुक गावच्या बंधाऱ्याची व पाटाची नोंद आपल्या कोणत्या अभिलेखात आहे, त्याची प्रत द्यावी. 'का', 'कधी', 'कोणी' असे प्रश्न विचारू नका, त्यांना उत्तर मिळत नाही. कागदाची प्रत मागा. तीस दिवसांच्या आत उत्तर आलं. बंधारा द्वितीय वर्गाच्या जुन्या सिंचन कामांमध्ये नोंदलेला निघाला. म्हणजे त्याला सरकारी कागदावर अस्तित्व होतं. तो कागद घेऊन गेल्यावर 'आमच्याकडे नाही' हे उत्तर कुणाला देता आलं नाही.

त्याच सुमारास तलाठी आप्पांनी एक चांगली गोष्ट दाखवली. सातबारावर पोटखराबाचे दोन वर्ग असतात. 'अ' म्हणजे लागवडीला अयोग्य, आणि 'ब' म्हणजे रस्ता, पाट, तळं अशा सार्वजनिक कामासाठी असलेली जागा. पाटाच्या रेषेवरच्या गटांचे उतारे काढले, तर बहुतेकांत वर्ग 'ब' खाली पाटाचं क्षेत्र दिसलं. कुणाची जमीन आम्ही मागत नव्हतो. हे वाक्य बैठकीत तोंडी सांगण्यापेक्षा उतारा पुढे ठेवून सांगितलं, तेव्हा आवाज खाली आले.

सप्टेंबरात मोजणीचा अर्ज आणि फी भरली. ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता, २० नोव्हेंबरला मतदान. मोजणीची तारीख पडली जानेवारी २०२५ मध्ये. थंडीत सकाळी आठला भूकरमापक आले, रोव्हर (उपग्रहाच्या आधारे मोजणी करणारं यंत्र) खांबावर लावला. जुन्या नकाशावरची दुहेरी रेघ आणि आबांनी काठीने दाखवलेली रेघ जवळजवळ एकच निघाली. चुन्याने खुणा पडत गेल्या आणि अतिक्रमणं दिसायला लागली. बांध सरकवलेले, दोन विहिरींचे कट्टे, आणि एक कांदाचाळ.

कांदाचाळ आमच्या नात्यातल्या आक्कांची. नवरा गेलेला, मुलगा सुरतेला. त्यांनी कर्ज काढून चाळ उभी केली होती आणि ती नेमकी पाटावर होती. आम्ही त्यांच्या ओट्यावर गेलो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मंग मी कांदा कोठे ठेवसू?" कुणाकडे उत्तर नव्हतं. कायदा आमच्या बाजूने होता. पाण्याच्या वाटेतला अडथळा दूर करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाता येतं, आणि काही जण तसंच करा म्हणत होते. मी विरोध केला. ज्या पाटावर गावाला पुन्हा एकत्र आणायचं, त्याची सुरुवात एका बाईची चाळ पाडून करायची नाही. शेवटी चाळीखालून तेवढ्या टप्प्यापुरते सिमेंटचे पाइप टाकायचं ठरलं. खर्च साधारण ५५ हजारांनी वाढला. बांध सरकवलेल्यांनी मात्र ते पाहून स्वतःहून जागा सोडली. तहसीलदारांकडे जायची वेळ कुणाच्या बाबतीत आली नाही.

संमतीपत्रांबद्दल एक टीप. ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर चालत नाही, ५०० चा घ्यावा लागतो. प्रत्येकाचा वेगळा करण्याऐवजी आम्ही एकाच पेपरवर गट क्रमांकासह सामाईक संमती घेतली, खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे. वकिलांना विचारून करा.

मार्चमध्ये पाटाच्या दुरुस्तीला ना हरकत पत्र मिळालं. अटी अशा: बंधाऱ्याची उंची वाढवायची नाही, पाटाची रुंदी-उतार बदलायचा नाही, निघालेला गाळ विकायचा नाही, काम शाखा अभियंत्यांना दाखवून करायचं. गाळ थळातल्या शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरने शेतात नेला. त्याची यादी रोज वहीत लिहिली, कारण गौण खनिजाचा, म्हणजे माती-मुरूम विनापरवाना नेल्याचा, प्रश्न कुणीही उपस्थित करू शकतो. झाडांचंही पाहून घ्या. वेडी बाभूळ काढायला अडचण आली नाही, पण चिंच, आंबा, जांभूळ तोडायचे तर परवानगी लागते. वाटेत एक जुनी चिंच होती. तिला हात लावला नाही, पाट तिच्या मुळांना वळसा घालूनच गेलेला होता.

काम एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं. पोकलेन ताशी दोन हजारांच्या घरात, जेसीबी हजार-बाराशे. मोठा गाळ यंत्राने काढला. दगडी कडेजवळचा एक हात मात्र माणसांनी, टिकाव-पावड्याने. यंत्राचा दात एकदा दगडाला लागला की सांधा हलतो आणि तो चुना पुन्हा तसा बसत नाही. दर रविवारी श्रमदान, वहीतल्या जुन्या हिशोबाप्रमाणे जमिनीच्या प्रमाणात घरटी माणसं. ज्यांची थळात जमीन नाही असे शेतमजूरही येत होते. त्यांना संस्थेने पूर्ण मजुरी दिली. ज्याला पाण्याचा थेंब मिळणार नाही त्याच्याकडून फुकट काम घेणं मला बरोबर वाटत नाही. दुपारी वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, चूल बंधाऱ्याच्या सावलीत. ३० एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होती. सालदारांचं साल त्या दिवशी बदलतं, म्हणून जुन्या रिवाजाप्रमाणे त्याच दिवशी पंचांनी जागल्या नेमला.

सर्वांत अवघड जागा नाल्याची. पाट जिथे नाला ओलांडतो तिथली जुनी दगडी मोरी पुरात वाहून गेलेली. शाखा अभियंता साहेबांनी तिथे नाल्याच्या तळाखालून पाइप सायफन सुचवला. ते म्हणाले, सर विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले, त्यानंतर खानदेशात असताना पांझरेच्याच एका पाटासाठी पाइप सायफन बांधण्याचं काम त्यांच्याकडे होतं. हे ऐकून पोरांच्या कामाला वेगळाच जोर आला. सायफनच्या दोन्ही तोंडांना जाळी आणि गाळ साचायला खड्डा करा, नाहीतर पहिल्या पावसात पाइप वाळूने भरतो.

मेच्या शेवटी काम थांबवलं. यंत्र, पाइप, सिमेंट-चुना, मजुरी, मोजणी मिळून खर्च पावणेसात लाखांच्या आत राहिला. निम्म्याहून जास्त रक्कम गावच्या आणि बाहेरगावी असलेल्या गावकऱ्यांच्या देणग्यांची. प्रत्येक बिल जीएसटी क्रमांकासह घेतलं आणि पावत्यांचे फोटो गावच्या ग्रुपवर टाकत गेलो. कुणी विचारण्याआधीच टाकायचे, ही आबांची अट होती.

पावसाळ्यात एका ठिकाणी पाटाची कड खचली. ती पोळ्यानंतर दगड लावून भरली. नोव्हेंबरात पाण्याची पाळी ठरली. सकाळी दरवाजा उचलला तेव्हा पाणी काळपट, पालापाचोळा ढकलत निघालं. मी खाली सायफनजवळ उभी होते. पाणी नाल्याखाली गेलं, दुसऱ्या तोंडाशी काही वेळ नुसते बुडबुडे, आणि मग ते वर आलं. पोरं पाटाच्या कडेने पळत सुटली, "पानी उनं! पानी उनं!" आबांनी चप्पल काढून पाटात पाय ठेवला. आक्का चाळीच्या दारात उभ्या राहून पाइपातून पाण्याचा आवाज येतो का ते ऐकत होत्या.

या हंगामात दोनच फड भिजले. एकात गहू, एकात हरभरा. दुसऱ्या फडात कांदा लावू द्या म्हणून रात्री उशिरापर्यंत वाद झाला. कांद्याला पाणी जास्त लागतं, तेवढं पाणी नाही, असं पंचांनी सांगितलं आणि तीन घरं नाराज झाली. ती नाराजी अजून आहे. उसाचा फड सध्या कुणी मागू नये असंही ठरलं. मला विचाराल तर तो बरोबर निर्णय आहे, पण पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला की हा विषय परत निघणार.

बाकी काम असं आहे. शेवटची चारी अजून बुजलेली आहे, तिच्यावरच्या शेतकऱ्यांना या वर्षी पाणी मिळालं नाही. येत्या उन्हाळ्यात सुरुवात तिथूनच करायची आहे. सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणाऱ्या २००५ च्या अधिनियमाखाली पाणी वापर संस्था नोंदवायचा अर्ज पंचांनी दिला आहे. संस्थेच्या कार्यकारिणीत एक सदस्य बदलले, त्याचा फेरफार अहवाल ९० दिवसांच्या आत द्यायचा असतो, तो दिला. ३१ मार्चला वर्ष संपलं की सहा महिन्यांत ऑडिट सादर करायचं, त्यासाठी सीए साहेबांनी आत्ताच फायली मागवल्या आहेत. आबांच्या वहीची पानं स्कॅन करून झाली, मूळ वही ते कुणाला देत नाहीत.